यूट्यूबवर बघून भागतं, त्याला लेखनाचं बक्षीस कशाला?

डिसेंबर २०१८. लॉस एंजेलिसमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'चा सोहळा. त्या रात्री 'बेस्ट नॅरेटिव्ह', म्हणजे सर्वोत्तम कथनाचा पुरस्कार 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला मिळाला. त्याच रात्री 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या गेमलाही एक पुरस्कार मिळाला. सर्वोत्तम कलादिग्दर्शनाचा. कथनाच्या पाच नामांकनांत त्याचं नावसुद्धा नव्हतं.

माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात चांगला लिहिलेला गेम 'ओब्रा डिन'च होता. त्याला चित्रांचं बक्षीस देऊन घरी पाठवणं म्हणजे एखाद्या लेखकाला 'तुमचं अक्षर फार सुंदर आहे' असं सांगून शाल-नारळ देण्यासारखं आहे. आणि हे एका रात्रीपुरतं नाही. गेमच्या लेखनाला बक्षीस द्यायची वेळ आली, की बहुतेक परीक्षक त्यात सिनेमा शोधतात. सापडला की खूश होतात. या सवयीवर माझा आक्षेप आहे.

(पुढे काही गेममधले मोक्याचे प्रसंग उघड होणार आहेत. चालत नसेल तर आधी खेळून या, लेख कुठे जात नाही.)

'ओब्रा डिन' ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८०२मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं एक व्यापारी जहाज. त्यावर साठ माणसं: अधिकारी, प्रवासी, सुतार, खानसामे, खलाशी, त्यांत हिंदी खलाशीही आहेत. जहाज बेपत्ता होतं. १८०७मध्ये ते फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं आणि वर एकही माणूस दिसत नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. हातात एक जाडजूड वही आणि एक चमत्कारिक घड्याळ. सांगाड्याजवळ घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाआधीचे काही क्षण नुसते ऐकू येतात. मग मरणाचा नेमका क्षण गोठलेल्या देखाव्यासारखा आपल्याभोवती उभा राहतो. त्यात फिरायचं, वाकून बघायचं, आणि साठांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, कोणी केलं, हे वहीत लिहायचं.

यातलं एकही पात्र आपल्याला बसवून स्वतःची कहाणी सांगत नाही. अंधारात कोणीतरी कोणाला तरी नावाने हाक मारतं. कोणाच्या बोलण्याचा हेल वेगळा लागतो. हॅमॉकवर नंबर असतो. कोणाच्या पायातले बूट वेगळे असतात. वहीत प्रत्येक चेहऱ्यासाठी एक अर्धवट वाक्य तयार असतं: अमका, तमक्या रीतीने, फलाण्याच्या हातून. रिकाम्या जागा आपण भरायच्या. तीन जणांच्या नोंदी बरोबर आल्या की मगच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून फार काळ निभत नाही.

लुकास पोप या माणसाने हा गेम जवळजवळ एकट्याने बनवला. त्यातली वाक्यं मोजकी आहेत आणि प्रत्येकाला दोन-दोन कामं लावलेली आहेत. मरणाऱ्याची किंकाळी हा प्रसंगही असतो आणि पुरावाही. साठ आयुष्यं अशा बेताने कापून, विखरून ठेवायची की अनोळखी माणसाने ती वेचून पुन्हा जोडावीत. याला लेखन नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

आता 'रेड डेड'वाल्यांनी लगेच धावून येऊ नये. तो गेम वाईट लिहिलाय असं मी म्हणतच नाहीये. आर्थर मॉर्गन हे पात्र मलाही पुरून उरलं. पण त्यातला सगळ्यात भारी प्रसंग आठवा. टोळीच्या सावकारीची वसुली करायला आर्थर एका आजारी शेतकऱ्याच्या दारात जातो. त्याला मारताना बटण आपण दाबतो. तो माणूस खोकतो. बरेच तास खेळून झाल्यावर कळतं की आर्थरला क्षय झालाय आणि तो त्याच दारातून आला. तेव्हा आपण मनातल्या मनात मागे जातो आणि आपलाच अंगठा आठवतो. आर्थरला शिक्षा मिळते ती आपण केलेल्या गोष्टीची. हे लेखन गेमचं आहे, कादंबरीला किंवा सिनेमाला ते या रीतीने जमणार नाही. पण बाकीच्या पन्नासेक तासांत त्याच गेमच्या मोहिमा आखून दिलेल्या वाटेवरून चार पावलं बाजूला गेलात तरी 'मिशन फेल्ड' म्हणून पाटी दाखवतात. पटकथा लिहून झालेली आहे, तुम्ही फक्त खुणेच्या जागी येऊन उभे राहा.

म्हणून मी एक साधी कसोटी वापरतो. तो गेम यूट्यूबवर दुसऱ्या कोणीतरी खेळलेला पूर्ण बघा. मग स्वतः खेळा. दुसऱ्या वेळी जे जास्तीचं मिळालं, ते गेमचं लेखन. जास्तीचं काहीच मिळालं नाही, तर तो उत्तम सिनेमा असेल. त्याला सिनेमाचं बक्षीस द्या, माझी तक्रार नाही.

ही कसोटी काही मी आरामखुर्चीत बसून काढलेली नाही. इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्ये कोणाकडेही प्लेस्टेशन नव्हतं. 'द लास्ट ऑफ अस' आम्ही चौघांनी एका लॅपटॉपवर यूट्यूबवर बघितला. तीन रात्री, वायफाय जाईल तेव्हा शिव्या घालत. शेवटी चौघेही गप्प झालो होतो, आणि काही बघायचं राहिलंय असं कोणालाच वाटलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या अनेक पोरांना हे मोठे गेम असेच भेटलेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नोकरी लागल्यावर तोच गेम स्वतः खेळलो. कथा पाठ होती, संवाद पाठ होते. शेवटी जोएल एलीला सोडवायला हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये शिरतो. समोर सर्जन हातात सुरी धरून उभा. यूट्यूबवर हे काही सेकंदांत उरकलं होतं. इथे कंट्रोलर माझ्या हातात होता आणि मी थांबलो. काहीतरी दुसरा मार्ग निघेल म्हणून खोलीत इकडेतिकडे बघितलं. गेम पुढे सरकेना. त्या माणसाला मारल्याशिवाय तो सरकतच नाही. शेवटी मी मारलं. तीन रात्री बघून जे कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या मिनिटात कळलं: जोएलचं प्रेम किती आंधळं आहे आणि त्यात मी किती ओढला गेलोय.

२०२३मध्ये एचबीओने या गेमची मालिका केली. कितीतरी प्रसंग, कितीतरी संवाद जवळजवळ जसेच्या तसे पडद्यावर आले आणि छान वठले. म्हणजे ते मुळातच पडद्याचे होते. ज्या भागाची सगळ्यात जास्त चर्चा झाली तो बिल आणि फ्रँकचा तिसरा भाग, आणि मालिकेने गेमपासून मोठी फारकत घेतली ती नेमकी तिथे. ऑपरेशन थिएटरचा प्रसंगही मालिकेत आहे. बघताना हळहळ वाटते. पण गोळी जोएलने झाडलेली असते. मी सोफ्यावर असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'तू सांगतोयस ते डिझाइन झालं. लेखन म्हणजे शब्द.'

हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. आपल्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत पिढ्यानुपिढ्या 'कथा – पटकथा – संवाद' असं वेगवेगळं लिहिलं जातं. बक्षिसंही वेगवेगळी दिली जातात. पटकथेत ऐकू येणारा शब्द एकही नसू शकतो, तरी ती लिहावी लागते. नाटकाच्या संहितेत 'शांतता' असा शब्द येतो आणि प्रयोगात तो कोणी उच्चारत नाही. म्हणून ती शांतता नाटककाराने लिहिलेली नाही असं आपण म्हणतो का? गेममध्ये पटकथेची जागा नियम घेतात. खेळणाऱ्याला कधी काय करता येईल, काय करता येणार नाही, केलं तर जगाला ते कधी कळेल. मी दिवसभर ऑफिसात अटी लिहितो: असं झालं तर तसं कर, नाहीतर दुसरं काहीतरी. गेमच्या लेखकाची सगळ्यात महत्त्वाची वाक्यं बहुधा याच घडणीची असतात. फरक एवढाच की माझ्या अटींनी कोणाला रडू येत नाही. टेस्टिंगवाले सोडले तर.

याचं उत्तम उदाहरण २०२१चा 'अनपॅकिंग'. ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या छोट्या स्टुडिओचा गेम. एक मुलगी १९९७ ते २०१८ या काळात आठ वेळा घर बदलते. दर वेळी आपण तिची खोकी उघडायची आणि सामान लावायचं. बस. ती दिसत नाही, बोलत नाही. प्रत्येक घराच्या शेवटी फोटोखाली एखादी ओळ येते, तेवढेच शब्द. २०१०मध्ये ती मित्राच्या फ्लॅटवर राहायला जाते. त्याचं सामान आधीच सगळीकडे पसरलेलं असतं. तिच्या खोक्यातून पदवीचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र निघतं. भिंतीवर लावायला जावं तर जागा नाही. टेबलावर नाही. कपाटात नाही. चुकीच्या जागी ठेवलं की वस्तूभोवती लाल रेघ उमटते. शेवटी ते एकाच ठिकाणी बसतं: पलंगाखाली.

त्या पोराबद्दल एकही वाईट शब्द कोणी बोललेलं नाही. तरी हे नातं टिकणार नाही हे आपल्याला कळतं. कळतं म्हणण्यापेक्षा, ते प्रमाणपत्र घेऊन घरभर फिरताना हाताला जाणवतं. पीजीत, रूमवर, दुसऱ्याच्या फ्लॅटवर राहिलेल्या कोणालाही ते सोसलेलं असतं. ही लाल रेघ कोणीतरी विचार करून लिहिलेली आहे. यूट्यूबवर हे बघितलंत तर 'अच्छा, प्रमाणपत्र पलंगाखाली' एवढीच माहिती मिळते.

२०२२मध्ये 'बाफ्टा'ने कथनाचा पुरस्कार या गेमला दिला. त्या परीक्षकांना माझा सलाम. त्याआधी डिसेंबरमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या कथनाच्या नामांकनांत तो नव्हताच. तिथे पुरस्कार 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'ला गेला. खुसखुशीत संवादांचा, मजेदार गेम आहे. त्याला संवादांचं बक्षीस द्या की! अडचण अशी आहे की 'बेस्ट नॅरेटिव्ह' या एकाच पाटीखाली कथा, पटकथा, संवाद, अभिनय सगळं कोंबलं जातं आणि मग ज्याचं बोलणं जास्त ऐकू येतं तो जिंकतो.

दुसरा आक्षेप: 'म्हणजे तुला शब्दच नकोत. मग 'डिस्को इलिझियम'चं काय?'

शब्द हवेतच. 'डिस्को इलिझियम'मध्ये दहा लाखांच्या वर शब्द आहेत आणि २०१९चा कथनाचा पुरस्कार त्याला मिळाला हे शंभर टक्के योग्य झालं. कारण तिथे शब्द हाच नियम आहे. दारू पिऊन स्वतःचं नावसुद्धा विसरलेला एक पोलीस आणि त्याच्या डोक्यात भांडणारे चोवीस आवाज: एक तर्काचा, एक सहानुभूतीचा, एक नशेचा, एक नुसत्या दंडेलीचा. हे आवाज म्हणजेच तुमची कौशल्यं. ज्याला जास्त गुण द्याल तो जास्त बोलतो, आणि बऱ्याचदा चुकीचा सल्ला देतो. फासे पडतात, तुम्ही हरता, आणि हरल्यावरची वाक्यं जिंकल्यावरच्या वाक्यांइतकीच मन लावून लिहिलेली असतात. यूट्यूबवर तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या डोक्यातले आवाज ऐकू येतील, तुमच्या नाही. तेव्हा भांडण शब्दसंख्येचं नाही. दहा लाख शब्दांचा गेम या कसोटीला उतरतो आणि जवळजवळ मुका गेमही उतरतो.

ते 'खेळणाऱ्याला निवड किती' याचंही नाही. 'ओब्रा डिन'मध्ये सत्य एकच आहे, ते तुम्ही बदलू शकत नाही. 'अनपॅकिंग'मध्ये ती त्या फ्लॅटवर जाणारच आहे. प्रश्न इतकाच आहे की कथा घडायला तुमचे हात लागतात का.

या हिशेबाने २०२०चा निकालही मला मान्य नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' जिंकला, 'हेडीज' हरला. 'पार्ट टू'ची एक चाल खरोखर गेमची आहे: जिचा आपण तासन्‌तास द्वेष केला त्या अ‍ॅबीच्या कातडीत गेम आपल्याला घुसवतो आणि तिच्यासाठी लढायला लावतो. पण 'हेडीज'ने त्याहून मोठं काम केलं. गेममध्ये मरण ही कायमची अडचण असते. तुम्ही मरता, 'यू डाइड' अशी पाटी येते, गेम मागे जातो आणि काही घडलंच नाही असं कथा भासवते. म्हणजे खेळणारा जे सगळ्यात जास्त वेळा करतो, त्याचाच कथेत पत्ता नसतो. 'हेडीज'मध्ये पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळायला बघतो, मरतो आणि पुन्हा त्याच घरात, रक्ताच्या कुंडातून वर येतो. दारातच झोपाळू हिप्नोस हातात यादी घेऊन उभा असतो. तुम्ही कशाने मेलात ते वाचून तो एखादा बावळट सल्ला देतो. बाप टोमणा मारतो. एखादी जुनी ओळख एक पाऊल पुढे सरकते. आवाज दिलेली वीस हजारांहून जास्त वाक्यं यात आहेत, आणि कोणतं कधी ऐकू येईल हे तुम्ही कसे मेलात, कोणाला भेटलात, काय घेऊन लढलात यावर ठरतं. कथा शेवटापर्यंत न्यायला एकदा नाही, दहा वेळा बाहेर पडावं लागतं. घर सोडणं एका दिवसात होत नाही, हे सांगायला ग्रेग कॅसव्हिन आणि मंडळींनी एकही भाषण लिहिलं नाही. हरण्यालाच प्रकरणं पाडली.

परीक्षकांना हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. 'ओब्रा डिन'ला २०१९च्या 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'ने मुख्य पुरस्काराबरोबर कथनाचाही दिला. म्हणजे छोट्या गेमच्या उत्सवात जे दिसतं ते मोठ्या रोषणाईत दिसेनासं होतं. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये शंभराहून जास्त माध्यमसंस्थांची मतं असतात आणि त्यांचं वजन नव्वद टक्के. सोहळ्यात नामांकनं पडद्यावर दिसतात ती चित्रफितींच्या तुकड्यांतून. लाल रेघेचा तुकडा काय दाखवणार? अश्रू ढाळणाऱ्या नटाच्या चेहऱ्याचा तुकडा मात्र छान दिसतो.

'मिळू दे की कोणालाही, आपलं काय जातं?' असं विचाराल, तर आपलंच जातं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या नामांकनांत होता. इथे गेम बनवणारी, बनवू बघणारी पोरं आहेत. त्यांतली काही या पानावर असतील. पुरस्कार त्यांना शिकवतात की चांगलं लेखन म्हणजे काय. चांगलं लेखन म्हणजे मोशन कॅप्चर, हॉलिवूडच्या तोडीचे नट आणि लांबलचक कटसीन असं ठरलं, तर ती शर्यत पुण्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसने सुरू होण्याआधीच हरलेली आहे. चांगलं लेखन म्हणजे नेमका नियम असं ठरलं, तर ती शर्यत एकटा माणूसही जिंकू शकतो. लुकास पोपने दाखवलंय. 'वेन्बा'ने दाखवलंय: भारतातून कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या पाककृतींची फाटकी वही, आणि वहीतल्या गहाळ पायऱ्या स्वयंपाक करत आपण शोधायच्या. २०२४मध्ये त्याला पदार्पणाचा 'बाफ्टा' मिळाला. 'अंदाजाने घाल' एवढंच सांगणाऱ्या आज्यांच्या हाताखाली वाढलेल्या आपल्याला असा गेम सुचायला काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट जाते. घरी कोणी म्हणतं, 'गेम काय खेळतोस, काहीतरी वाच.' त्यावर आपण तावातावाने सांगतो, 'अहो, यात सिनेमासारखी स्टोरी असते!' हे उत्तर देताना आपण हरलेलो असतो. सिनेमासारखी स्टोरी सिनेमात असतेच, त्यासाठी गेम कशाला? मराठी बोलपट नवा होता तेव्हा त्याच्यावरही संगीत नाटकाची दाट सावली होती. ती ओलांडली तेव्हा तो सिनेमा झाला. गेमने ती सावली कधीच ओलांडली आहे. बक्षीस देणारे अजून सावलीचीच मापं काढताहेत.

माझी मागणी फार मोठी नाही. संवादांचं बक्षीस वेगळं करा, रचनेचं वेगळं करा. आणि रचनेच्या परीक्षकाने गेम स्वतःच्या हाताने संपवलेला असल्याशिवाय त्याला मत देऊ नका. तेवढं केलंत तर माझ्या वहीतल्या तीन नोंदी आपोआप पक्क्या होतील: २०१८, ओब्रा डिन. २०२०, हेडीज. २०२१, अनपॅकिंग.

तुमच्याकडे प्लेस्टेशन नसेल तर फार बिघडत नाही. 'अनपॅकिंग' फोनवर मिळतो. पोपचाच जुना गेम 'पेपर्स, प्लीज'सुद्धा मिळतो. त्यात तुम्ही सीमेवरचे कारकून असता. नवऱ्याची कागदपत्रं बरोबर असतात, मागून आलेल्या बायकोच्या कागदांत खोट असते, आणि तुमच्या घरी पोरगं आजारी असतं. त्याचे व्हिडिओही आहेत यूट्यूबवर भरपूर. ते बघू नका. शिक्का स्वतः मारा.